मामा मांकाची बारा किलो सुरमई

वीस डिसेंबर उजाडला की आमच्या दारेसलाममध्ये दोनच प्रकारची माणसं उरतात. ज्यांना गाव नाही ती, आणि ज्यांना गाव आहे पण बसचं तिकीट मिळालं नाही ती. बाकी सगळे बॅगा, पोरं, नवे बूट आणि गावाकडच्या म्हाताऱ्यांसाठी घोंगड्या घेऊन आपापल्या गावी पसार होतात. त्यातही चग्गा लोक म्हणजे विचारूच नका. किलिमांजारोच्या उतारावरचे हे लोक वर्षभर शहरात दुकानं चालवतील, ऑफिसं चालवतील, पण नाताळला मोशीला पोचले नाहीत तर तो डोंगर बहुधा हजेरीपटावर लाल फुली मारतो.

आम्ही लिमये पहिल्या प्रकारातले. म्हणजे गाव आहे, चिपळूणच्या अलीकडे, असं बाबा सांगतात. मी ते दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा मला ताप होता. त्यामुळे गाव म्हटलं की मला थर्मामीटर आठवतो.

आमच्या आवारात आठ घरं. समोरचं घर मामा मांकाचं. इथे मामा म्हणजे आई, आणि थोरल्या लेकराचं नाव आईला चिकटतं. मांका माझी पहिलीपासूनची मैत्रीण, म्हणून तिची आई मामा मांका. त्याच न्यायाने माझी आई मामा निनाद, कारण दादा माझ्याआधी चार वर्षं जन्माला आला. एवढं एक सोडलं तर त्याने आयुष्यात दुसरं काहीही माझ्याआधी केलेलं नाही, पण हा विषय निघाला की माझा आवाज चढतो, तेव्हा तो राहू दे.

तर गेली तीन वर्षं मी मांकाबरोबर मोशीला जायचं म्हणून बाबांच्या मागे लागले होते. बाबा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते 'ही पेट कशी घेईल' या नजरेने बघतात. माझ्याकडेसुद्धा. यंदा मांकाच्या धाकट्या मावशीचं लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरलं आणि मी शेवटचा जोर लावला.

"बाबा, मला आता पंधरा पूर्ण झाली. वर्गाची मॉनिटर आहे. वक्तृत्वात बक्षीस मिळालंय."

"बोलण्याबद्दल मला कधीच शंका नव्हती," बाबा म्हणाले. "या सुट्टीत एक जबाबदारी शेवटपर्यंत पार पाडून दाखव. न सांडता, न फोडता. मग बघू."

आणि नशीब असं की त्याच संध्याकाळी मामा मांका किल्ली घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"केतकी, पोरी, आम्ही निघतो उद्या पहाटे. घर तुझ्यावर. रोज सकाळी दार उघडायचं, एक चक्कर मारायची, बंद करायचं. बाकी काही नाही. फक्त तो फ्रीझर बघ."

"फ्रीझरमध्ये काय आहे, मामा?"

"सुरमई. बारा किलो. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चच्या गायनमंडळाचं जेवण माझ्याकडे आहे. चाळीस माणसं. गेल्या वर्षी मामा ग्लोरीने कोंबड्या केल्या होत्या, तर अजून बोलतायत लोक." एवढं म्हणून तिने आमच्या आईकडे बघितलं. आम्ही शाकाहारी आहोत, हे तिला माहीत आहे. कुठल्यातरी दुखण्याचा परिणाम असावा, अशा सहानुभूतीने ती ते लक्षात ठेवते. "घाबरू नकोस, मामा निनाद. पोरीला मासे खायचे नाहीत, फक्त सांभाळायचेत."

"तिच्यासाठी मी कशाला घाबरू," आई म्हणाली. "मला त्या माशांचीच काळजी वाटते."

पहिले सहा दिवस माझा कारभार आदर्श होता. रोज संध्याकाळी मी मामा मांकाला फोनवर अहवाल पाठवायचे. 'दार: उत्तम. खिडक्या: उत्तम. फ्रीझर: गुरगुरतोय.' चूक झाली ती कामात नाही, अतिरेकात. सल्ले ऐकण्याच्या अतिरेकात.

शेजारच्या बीबी म्वानाइदीने पहिला सल्ला दिला. ही बीबी म्हणजे आवारातली सगळ्यांची आजी. जन्मापासून दारेसलामची, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नाही. शिवाय ती दहा घरांची पुढारीण आहे. म्हणजे आमच्या आवारातली आठ आणि शेजारची दोन अशा दहा घरांत भांडण, चोरी, सोयरीक काहीही झालं तरी ते आधी तिच्या कानावर घालायचं असतं. न घातलं तरी पोचतंच.

"शिकामू, बीबी," मी वाकून म्हटलं. थोरांना इथे असाच नमस्कार करतात.

"मराहाबा. काय ग, रात्री त्या घरात अंधार असतो. चोराला काय, पाटी लावायची का, घरात कोणी नाही म्हणून? दिवा ठेव लावून."

मी बाहेरचा दिवा लावला. दादा म्हणाला, "नुसता दिवा? चोर काय मूर्ख आहे? आवाज पाहिजे." मी टीव्ही लावला. आवारातला पहारेकरी मझे युसुफू (मझे म्हणजे म्हातारबाबा) म्हणाला, टीव्ही आहे पण पंखा फिरत नाही. या उकाड्यात पंख्याविना टीव्ही बघणारा माणूस असेल यावर कोणता चोर विश्वास ठेवेल? मी दोन्ही पंखे लावले. मग माझ्या स्वतःच्या बुद्धीने मी स्वयंपाकघरातला दिवाही लावला, कारण घरात माणसं आहेत म्हटल्यावर कोणीतरी स्वयंपाक करत असणारच.

नाताळच्या रात्री मामा मांकाचं घर आवारातलं सर्वांत नांदतं घर दिसत होतं. फक्त एका गोष्टीचा मला विसर पडला. इथे वीज आधी भरायची असते, मोबाइलसारखी. भरलेली संपली की घर गप्प.

सव्वीस तारखेला सकाळी मी दार उघडलं तर घर गप्प होतं. टीव्ही गप्प, पंखे गप्प. फ्रीझरला कान लावला, तर तोही माझ्याशी बोलेना.

आता घाबरणारी मुलगी घाबरली असती. मी मोबाइल काढला. मीटरचा नंबर घालायचा, पैसे पाठवायचे, वीस आकड्यांचा कोड येतो, तो मीटरवर दाबायचा, झालं. मीटरवर नंबराची चिठ्ठी होतीही, पण तिचे शेवटचे दोन आकडे उन्हाने खाल्ले होते. एक तीनसारखा वाटत होता, दुसरा आठसारखा. माझी खात्रीच पटली. मी माझी वाढदिवसाची पुंजी पाठवली, कोड आला, दाबला. मीटरने नकार दिला. पुन्हा दाबला. पुन्हा नकार. तेव्हा मी तो संदेश नीट वाचला. वीज भरली गेली होती ती कुणा सेलेमानी किपेंगेले यांच्या घरी. ते कोण, कुठले, देव जाणे. पण यंदा त्यांचं नवं वर्ष उजेडात उजाडणार होतं.

"एक्स्टेन्शन वायर," दादा म्हणाला. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आईच्या हातचं खायला आलाय. घरातल्या तीन वायरी एकाला एक जोडून आम्ही आवारातून पलीकडे नेल्या. त्या मामा मांकाच्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या आणि उंबऱ्यावर संपल्या. फ्रीझर आणखी चार हात आत. दादा चौथी वायर शोधत असतानाच बाबा बाहेर आले. त्यांनी तीन जोड बघितले, त्यातला एक आंब्याखालच्या ओल्या मातीत होता, आणि ते इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की आम्ही दोघांनी आपणहून प्लग काढला. पुढची वीस मिनिटं ओल्या मातीतून वीज कशी जाते यावर व्याख्यान झालं. मझे युसुफूही खुर्ची घेऊन ऐकायला बसला.

"मांकाच्या आईला फोन कर आणि मीटरचा नंबर विचार," बाबा शेवटी म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट होती. मोशीला डोंगरावर फोन लागता लागत नाही, पण त्या दुपारी मामा मांकाचाच फोन आला. मागे गाणी, बकरीचं मटण वाटण्यावरून चाललेली वादावादी, मांकाचं खिदळणं. बाबा माझ्या शेजारी उभे.

"केतकी, पोरी! घर कसं आहे?"

मी तोंड उघडलं. मला 'मामा, मीटरचा नंबर सांग' असं म्हणायचं होतं. देवाशप्पथ म्हणायचं होतं.

"एकदम उत्तम, मामा," मी म्हटलं.

"शाब्बास. मी इथे सगळ्यांना सांगत होते, माझं घर एका पोरीच्या हातात आहे, मला चिंता नाही."

फोन तुटला. मी लगेच पुन्हा लावला. लागला नाही. दहा वेळा लावला, नाही लागला. संदेशही जाईना. बाबा आवारातल्या वायरी गुंडाळायला लागले.

आता एकच मार्ग होता: मासे उचलून आमच्या फ्रिजमध्ये आणायचे. हे आईला सांगायला मी दादाला पाठवलं. आतून भांडी हलवल्याचा आवाज आला. आईने श्रीखंडाचं पातेलं वरच्या कप्प्यात नेलं, देवाच्या नैवेद्याचं लोणी शेजारी रवाना केलं आणि खालचे दोन कप्पे वर्तमानपत्राने मढवले. "एक दिवस," ती म्हणाली. "आणि झाकण घट्ट."

पण मझे युसुफूने मला वाटेतच अडवलं. मी रिकाम्या टोपल्या घेऊन समोरच्या घराकडे चालले होते, एवढंच.

"सुट्टीत कोणाच्याही घरातून कुठलीही वस्तू हलणार नाही. गेल्या वर्षी टीव्ही गेला. आवाराचा नियम आहे."

"मझे, पण हे त्यांच्याच घरातले मासे त्यांच्यासाठीच—"

"टीव्ही नेणाराही हेच म्हणाला होता. सरकारी कार्यालयाचं पत्र आण. शिक्क्याचं."

मझे युसुफूने मला तीन वर्षांची असल्यापासून पाहिलंय. मी त्याच्या टोपीत एकदा ओकले आहे. तरी शिक्का.

सव्वीसला कार्यालय बंद. सत्तावीसला सकाळी मी दारात पहिली. आमच्या भागाचे अध्यक्ष नव्हते. अध्यक्ष चग्गा, त्यामुळे डोंगरावर. होत्या त्या सचिव बाई. समोर पंखा, हातात आंबा.

"सामानाचं वर्णन?"

"सुरमई. बारा किलो. गोठलेली."

त्यांनी लिहिलं. "किती नग?"

"मोजले नाहीत."

"मोजल्याशिवाय कसं लिहू?"

"मोजायला झाकण उघडावं लागेल. उघडलं तर वितळतील."

बाईंनी आंबा खाली ठेवला, याचा अर्थ प्रश्न गंभीर होता. मग त्यांनी 'अंदाजे' असं लिहिलं आणि पुढचा रकाना गाठला. "मूळ गाव?"

"दारेसलाम."

"ते नाही. मूळ गाव."

"माझा जन्म इथलाच आहे, बाई. इथेच, मोठ्या हॉस्पिटलात."

"अग, जन्म कुठेही होतो. नाताळात तुम्ही जाता कुठे?"

"कुठेच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोले, पोरी," त्या म्हणाल्या. पोले म्हणजे तुझ्या दुःखात मी आहे. ठेच लागल्यावरही म्हणतात आणि माणूस गेल्यावरही. माझं नेमकं काय गेलंय ते मला कळेना. मी चिपळूण लिहायला सांगितलं. स्पेलिंग त्यांनी त्यांच्या मनाने केलं. आता टांझानियाच्या दप्तरात ते गाव कुठलं झालंय कोण जाणे.

"झालं. आता दहा घरांच्या पुढारणीची चिठ्ठी आण, म्हणजे शिक्का मारते."

पुढारीण म्हणजे बीबी म्वानाइदी! ती माझ्या शेजारच्या भिंतीपलीकडे राहते. मी धावत परत. पण पदावरची बीबी वेगळी आणि ओट्यावरची वेगळी. तिने डोक्यावरून कांग्याचा पदर नीट ओढला, मला चटईवर बसवलं, वेलदोड्याचा चहा ठेवला, आणि "आता सुरुवातीपासून सांग" म्हणाली. मी सांगितलं. दिव्याच्या सल्ल्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "दिवा कोणी सांगितला?"

"तुम्हीच, बीबी."

"एक दिवा सांगितला होता. लग्नघर नव्हतं सांगितलं."

चहा दोन कप झाला. चिठ्ठी झाली. पुन्हा कार्यालय. शिक्का होता, शाईचा पॅड वाळलेला. बाईंनी त्यावर पाण्याचे थेंब टाकले आणि तो माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू जिवंत झाला. मी ते पत्र ओलं ओलंच हातात धरून पळाले. मझे युसुफूने ते उन्हात धरून बघितलं, उलटंही बघितलं, आणि सलाम ठोकून बाजूला झाला.

तीन वाजले होते. फ्रीझर उघडला. बीबी स्वतः आली होती. तिने एका सुरमईला बोटाने दाबलं. बोट आत गेलं.

"थंड आहे अजून. पण हे आता परत गोठवायचे नाहीत," ती म्हणाली. "आज शिजवायचे, नाहीतर उद्या पुरायचे."

बीबीची शेगडी कोळशाची, एका कढईची. चार चुलींचा गॅस आवारात त्या दिवशी एकाच घरात चालू होता, आमच्या.

मी आईकडे बघितलं. आई ओढणी नाकाला लावून दारात उभी होती. तिने एक मिनिट विचार केला. एक पूर्ण मिनिट. मी घड्याळ बघितलं. "मागच्या अंगणात," ती म्हणाली. "सिलिंडर आणि शेगडी मागे न्या. माझी भांडी नाहीत वापरायची. आणि ते मासे आधी हळदमिठात ठेवा, नाहीतर वास राहतो."

"मामा निनाद, तुला काय माहीत?" बीबी चकित झाली.

"आमच्या शेजारी होते ना कुलाबकर," आई म्हणाली आणि ओढणी पुन्हा वर घेतली. "मला काही माहीत नाही. लिंबूही पिळा."

त्या संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात नारळाच्या दुधातली आणि तळलेली अशी बारा किलो सुरमई झाली. बीबीने शिजवली, आईने भिंतीकडे तोंड करून सूचना दिल्या, बाबा अग्निशामक घेऊन उभे राहिले. वाया घालवणं पाप, म्हणून गावी न गेलेलं सगळं आवार जेवलं. मझे युसुफू तीनदा वाढून घेऊन गेला. सचिव बाई चौकशीसाठी म्हणून आल्या आणि डबा भरून गेल्या. दादा अंधारात आंब्यामागे नक्की काय चघळत होता, हे मी आईला सांगितलेलं नाही. हा माझा त्याच्यावरचा कायमचा हक्क आहे.

संध्याकाळच्या अहवालात मी लिहिलं: 'दार: उत्तम. खिडक्या: उत्तम. मासे: सगळ्यांना आवडले.' मग शेवटचं वाक्य खोडलं. मग सगळंच खोडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा काहीच पाठवलं नाही.

उरलेले दिवस मी माफीचं भाषण तयार करण्यात घालवले. एक तारखेला बीबी ऐकून कंटाळली. "भाषणाने चग्गा माणूस ऐकत नाही. त्यांच्यात मासालेचं पान असतं. लांब, हिरवं, तलवारीसारखं. अपराध केला की ते पान गाठ मारून समोर धरायचं. समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. भावाभावांची जमिनीची भांडणं मिटलीत त्या पानावर."

"पण ते डोंगरावर उगवतं ना?"

"पाण्याच्या टाकीमागे एक कुंडी आहे तसल्या झाडाची. कोणाची ते माहीत नाही, पण आहे."

मी गेले. टाकीच्या सावलीत एक मातीची कुंडी, त्यात एकच दांडा आणि वर पाचसहा पानं. झाड काही फार रुबाबदार नव्हतं. मी मधलं, सर्वांत कोवळं आणि देखणं पान निवडलं. क्षमा मागायची तर कंजूषपणा कशाला? ते नुसतं पान नव्हतं, झाडाचा शेंडाच होता, तो हातात आला.

दोन तारखेला दुपारी मामा मांका टॅक्सीतून उतरली. डोक्यावर केळ्यांचा घड, मागे मांका, तिच्या मागे आणखी घड. सगळं आवार नेमकं त्याच वेळी काही ना काही कामासाठी बाहेर आलं होतं. बाबाही.

मी पुढे झाले. दोन्ही हातांत गाठ मारलेलं पान धरलं. भाषण पाठ होतं, वक्तृत्वाचं बक्षीस घरात होतं. तरी तोंडातून निघालं ते एवढंच: "मामा, मासे नाहीत. मी दिवे जाळले. फोनवर खोटं बोलले. उत्तम नव्हतं."

मामा मांकाने केळ्यांचा घड खाली ठेवला. पानाकडे बघत राहिली. चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो कुठेतरी अडखळला.

"हे पान कुठून आणलंस?"

"टाकीमागच्या कुंडीतून."

मांकाने "अयाया" म्हणून डोळे मिटले.

"माझ्या आईच्या कुंपणातली फांदी ती," मामा मांका हळूच म्हणाली. "तीन वर्षं झाली. या उकाड्यात दोनदा वाळली. टाकीच्या सावलीत ठेवली तेव्हा कुठे शेंडा धरला तिने."

बीबी म्वानाइदी आपल्या खिडकीतून हळूच मागे सरकली. माझ्या हातातला तो शेंडा मला एकदम दहा किलोचा वाटायला लागला. मला कळलं की मी तिच्याकडे माफी मागायला तिचंच माहेर खुडून घेऊन आले होते.

रडायचं नाही असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

"पोले, मामा," मी म्हटलं. त्याहून मोठा शब्द मला कोणत्याच भाषेत सापडला नाही.

मामा मांकाने माझ्या हातातून पान घेतलं. गाठ चाचपली. "गाठसुद्धा उलटी मारलीय," ती म्हणाली. "पण पान आहे. पानाला नाही म्हणता येत नाही. मासे माफ. गायनमंडळ केळ्यांचं कालवण खाईल, मामा ग्लोरी वर्षभर बोलेल, ते मी बघते." मग ती बाबांकडे वळली. "पण बाबा निनाद, या पानाचं काय? याच्यासाठी दुसरं पान लागणार. आणि ते इथे नाही मिळत."

"मी भरून देतो," बाबा घाईने म्हणाले. "नर्सरीतून—"

"नर्सरीतून!" मामा मांकाचा आवाज आवारभर गेला. "ईस्टरनंतर ही पोरगी माझ्याबरोबर मोशीला येईल. माझ्या आईसमोर उभी राहील, काय काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगेल, आणि कुंपणातली नवी फांदी मागून घेईल. ती फांदी बसमध्ये दहा तास मांडीवर धरून आणेल. झोपायचं नाही."

"अहो, पण तिला ही जबाबदारी पार पाडता आली नाही," बाबा म्हणाले. "आमचं ठरलं होतं की—"

"बक्षीस कोण देतंय? शिक्षा आहे ही."

शिक्षा बाबांना तत्त्वतः मान्य असते. ते आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, "अहो, झाड मोडलंय तिने. जायलाच हवं."

मी मान खाली घातली. चेहरा जेवढा पाडता येईल तेवढा पाडला. दादा मागून पुटपुटला, "नीट पाड, दात दिसतायत." मांकाने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की निदान डोळ्यांत पाणी तरी टिकलं.

मामा मांकाने घड उचलला, माझ्याकडून किल्ली घेतली आणि घराकडे निघाली. माझ्या बाजूने जाताना ती थांबली आणि माझ्या कानाशी वाकली.

"माझं दार लागेपर्यंत तरी हसू नकोस."